परत न म्हटलेला हुकूम

मला कुणी काही काम सांगितलं की मी ते आधी तोंडाने परत म्हणते आणि मग करते. सून म्हणाली, "येताना कोथिंबीर आणा," की मी म्हणणार, "येताना कोथिंबीर आणते." सुनेला वाटतं, सासूबाईंना कमी ऐकू यायला लागलं. माझे कान ठणठणीत आहेत. उभा जन्म मुलींच्या शाळेत शिकवण्यात गेला. मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा कधी सुटली नाही. ही खोड माझी नव्हेच. ती बनारसला, दूधविनायकच्या गल्लीत, आमच्या समोर राहणाऱ्या हर्णेकरांची. त्या घरातलं आता कुणी उरलं नाही, म्हणून ती मी सांभाळते आहे म्हणा.

हर्णेकर म्हणजे दोनच माणसं: आबा आणि त्यांचा माधव. माधवची आई तो लहान असतानाच गेली. आमची गल्ली भिक्षुकांची, शास्त्र्यांची, मास्तरांची. माझे वडील, अण्णा, अहिल्याबाई घाटावर देशाकडून आलेल्या यात्रेकरूंचे विधी करायचे. अशा वस्तीत हर्णेकर दर्यावर्दी. पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर मराठ्यांच्या आरमारात होते. आरमार संपलं तेव्हा त्यांतला एकजण कुणा सरदाराबरोबर काशीला आला आणि इथलाच झाला. पण दर पिढीत एक मुलगा उठून समुद्रावर जायचाच. आबांनी सरकारी आरमारात तीस वर्षं सुकाणू धरलं. काळ्या माणसाला जितकं वर चढता येत होतं तितके ते चढले, आणि ते फार नव्हतं. परत आले ते दोन पदकं, एक निळा लोकरी डगला, एक पितळी घंटा आणि जहाजावरचा राग घेऊन. ती घंटा ते घरात ठरल्या वेळी वाजवत. अण्णा त्यावर चरफडत, आणि त्याच घंटेवर संध्येला बसत.

त्या घरात हुकूम परत म्हणायची पद्धत होती. "माधव, बंबात पाणी घाल." "बंबात पाणी घालतो, आबा." एवढं झाल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. मी एकदा हसले तेव्हा आबांनी मला समोर बसवून समजावलं होतं.

"वाऱ्यात निम्मा शब्द उडून जातो, पोरी. साहेब म्हणाला डावीकडे आणि सुकाण्याने वळवलं उजवीकडे, की सगळे माशांच्या पोटात. म्हणून परत म्हणायचं. म्हटला म्हणजे हुकूम पोचला, आणि म्हटला म्हणजे करायचाच. करणार नसशील तर तोंड मिटून बस. पण म्हणून मग न करणं, हे आमच्यात नाही."

माधवदादाने हे इतकं मनावर घेतलं होतं की कधी कधी त्याला हलवून विचारावंसं वाटे, बाबा रे, तुला स्वतःची अक्कल आहे की नाही? कॉलेजात जाऊ लागला तेव्हाची गोष्ट. दशाश्वमेधवर आबा त्याला म्हणाले, "या छत्रीखाली थांब. मी येईपर्यंत हलू नकोस." तो म्हणाला, "तुम्ही येईपर्यंत हलणार नाही." पुढे आबांना जहाजावरचा कुणी जुना सोबती भेटला, ते त्याच्याशी बोलत बोलत निघाले, घरी येऊन जेवले आणि झोपले. पाऊस लागला. घाटावरचा पंडा आपली छत्री मिटून घरी गेला. हा आपला छत्रीच्या जागेवर उभा. चार वाजता अण्णांनी त्याला पाहिलं.

"अरे, घरी चल, ताप भरेल."

"आबा येईपर्यंत हलणार नाही म्हटलंय, अण्णा."

शेवटी आबांना उठवून घाटावर न्यावं लागलं. मी त्याला तोंडावर बुद्दू म्हटलं. तो डोकं पुसत म्हणाला, "असेन." राग म्हणून नाही. मला मात्र त्याचा फार राग आला होता, आणि त्या रागाखाली काय होतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

दुसरी गोष्ट आबांच्या जिव्हारी लागलेली. चार पिढ्या समुद्रावर काढलेल्या घरातल्या या मुलाला होडी लागायची. रामलीलेला गल्लीतले सगळे होडीने रामनगरला जायचे. असी घाट येईतो याचा चेहरा पांढराफटक. नावाडी भगेलू मल्लाह त्याच्यासाठी एक मडकं वेगळं ठेवायचा. आबा त्या वेळी दुसऱ्या काठाकडे बघत बसायचे. पण गाठी! गाठी आबांनी त्याला अशा शिकवल्या होत्या की डोळे मिटून बांधायचा आणि सोडवायचा. खिशात कायम वीतभर सुतळी. विचार करताना बांधायचा, उत्तर सुचलं की सोडायचा. माझ्याशी बोलताना त्याच्या तोंडाकडे न बघता मी त्याच्या बोटांकडेच बघायची.

लढाई सुरू झाली तेव्हा त्याची बी.ए.ची परीक्षा नुकतीच झाली होती. आबा म्हणाले, "आरमारात जायचं. आता साहेबाच्या हुद्द्यावर घेतायत आपल्या पोरांना. मला जे मिळालं नाही ते तू घ्यायचं."

मी तिथेच होते, चौथऱ्यावर. माधवदादा सुतळी बांधत बसला. आबा वाट बघत राहिले. त्याच्या तोंडून शब्द आला नाही. आबांनी उठून घंटा वाजवली, तिची वेळ नव्हती तरी. महिन्याभरात त्याने फौजेचा अर्ज भरला. पुढे कित्येक दिवस आबा त्याला "कोरडा शिपाई" म्हणायचे, आणि तेही त्याच्याशी बोलताना नाही, मांजराशी.

डेहराडूनहून तो खांद्यावर एक चांदणी लावून आला तेव्हा सारी गल्ली खिडक्यांतून बघत होती. आधी तो आमच्याकडे आला, अण्णांना नमस्कार करायला. बाहेरच थांबून त्याने बूट काढले, मग कमरेचा चामड्याचा पट्टा काढून बुटांवर ठेवला, कारण अण्णांना चामडं देवघराजवळ चालत नसे. पट्ट्याशिवाय त्याचा गणवेश ढगळ दिसायला लागला. अण्णांनी आशीर्वाद दिला आणि विचारलं, "बंदूक कुणावर चालवणार, बाबा?"

"शत्रूवर, अण्णा."

"आणि शत्रू कोण, हे कोण सांगणार?"

"साहेब सांगतील."

अण्णा नुसतं "हं" म्हणाले आणि आत गेले. तो पट्टा बांधत असताना मी म्हटलं, "दादा, चुकलंच तुझं." तो म्हणाला, "मालूम आहे. पण दुसरं काय सांगू? खोटं सांगू?"

मग बेचाळीसचा ऑगस्ट आला. माधवदादा दहा दिवसांच्या रजेवर होता. शहर पेटलं. विद्यार्थी रस्त्यावर आले, तारा तुटल्या, रूळ उखडले गेले, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. आमच्या गल्लीतले दोघे तुरुंगात गेले. आपल्या पलटणीकडे परत जायला त्याला गाडी नव्हती, म्हणून त्याने इथल्या छावणीत हजेरी दिली. तिथल्या मेजरला घाट ठाऊक असलेला, लोकांची भाषा येणारा अधिकारी आयताच सापडला. त्याने त्याला घाटांवरच्या पहाऱ्यावर नेमलं. पलीकडच्या काठावरून माणसं आणि निरोप येतात, असा साहेबांना संशय होता. हुकूम असा की गंगेत एकही होडी चालता कामा नये. चालली तर एकदा हाक द्यायची, थांबली नाही तर गोळी.

माधवदादाने छावणीत तो हुकूम परत म्हणून दाखवला. हे त्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना त्याच्या हातात सुतळी नव्हती.

दवंडी द्यायलाही त्यालाच पाठवलं. ढोलवाला पुढे, हा मागे. आधी हिंदीत, मग आमच्या गल्लीत मराठीत. त्याचा आवाज आला तशा खिडक्या एकामागून एक लागल्या. कुणीतरी वरून शेणाचा गोळा मारला, तो त्याच्या पाठीवर बसला. तो वळला नाही, उरलेली दोन वाक्यं वाचली आणि पुढे गेला. त्या दिवसापासून अण्णा त्याच्याशी बोलेनासे झाले. नळावरच्या बायका मला विचारायच्या, "तुमचा भाऊ कुणाकुणाला मारणार आहे गं?" मी कळशी उचलून निघायची. मला स्वतःलाच ते विचारायचं होतं.

गंगेला पूर आलेला. होड्या बांधायला साखळ्या पुरेनात. तेव्हा त्याने अहिल्याबाई घाटावरच्या सगळ्या होड्यांतून एक जाड दोर ओवला आणि तो दगडातल्या कडीला बांधला. भगेलू मल्लाहाने खटपट करून पाहिली आणि हात जोडले, "मालिक, ई गाँठ त हमसे ना खुली." संध्याकाळी माधवदादा आमच्या दाराशी उभा राहून ही हकिकत सांगत हसला. कित्येक दिवसांनी हसला.

"बनारसमध्ये ती गाठ दोघांनाच सुटते, कमळ. दोघांनाच!"

दुसरा कोण, हे त्याच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. दुसरा समोरच्या माडीवर बसून घंटा पुसत होता.

चार दिवसांनी पौर्णिमा होती. राखी आमच्यात मूळची नव्हे, ती आम्हाला बनारसने दिली. नारळी पौर्णिमा हर्णेकरांनी कोकणातून आणलेली. इथे समुद्र कुठला? पण त्या घराचा नेम असा की घरातल्या वडील पुरुषाने होडी भर प्रवाहात न्यायची आणि तिथे उभं राहून नारळ सोडायचा. काठावरून टाकलेला नारळ त्यांच्या लेखी टाकून दिलेला. "गंगा काय, समुद्राकडेच चाललीय," आबा म्हणायचे. "नेऊन पोचवील." आरमारातून परत आल्यापासून त्यांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

आदल्या दिवशी मी नारळीभातासाठी गूळ द्यायला त्यांच्याकडे गेले होते. आबा नारळाला लाल दोरा गुंडाळत होते. माधवदादा पहाऱ्यावर निघालेला. तो दारात थांबून म्हणाला, "आबा, उद्या नारळ पायरीवरूनच सोडायचा. होडी काढायची नाही."

आबा दोरा गुंडाळत राहिले.

"आबा, ऐकलं ना?"

"कमळ," आबा मला म्हणाले, "गूळ आत ठेव, मुंग्या लागतील."

माधवदादाने माझ्याकडे बघून खांदे उडवले. जिना उतरताना म्हणाला, "म्हातारा रुसलाय." त्या घरात जन्मलेला, वाढलेला मुलगा. परत न म्हटलेला हुकूम पोचलेला नसतो, हे ज्याने पाळण्यात ऐकलं, त्याला आपल्या बापाचं गप्प बसणं कळलं नाही. अंगावर गणवेश होता, मागे हुकूम होता. त्याला वाटलं, आपण सांगितलं म्हणजे झालं.

पौर्णिमेच्या सकाळी स्नानासाठी दोन तास कर्फ्यू उठवला होता. मी खिडकीतून पाहिलं, तर आबा अण्णांबरोबर अहिल्याबाई घाटाकडे निघालेले. अंगावर शाल. शालीखाली निळ्या डगल्याची कड दिसत होती. श्रावणातल्या त्या उकाड्यात लोकरी डगला! मला ती कड दिसली, आणि मी काही विचारलं नाही. ताटात राखी, कुंकू, पेढा घेतला आणि भोसले घाटाकडे निघाले, कारण दादाचा पहारा तिथे होता.

पाणी पार वरच्या पायऱ्यांना लागलं होतं. दगडी वाड्याच्या खालच्या दारात वाळूची पोती रचून आठ जवान बसले होते, दूर कुठले तरी, आमची भाषा न कळणारे. माधवदादाने मला बघून कपाळाला हात लावला, पण मनगट पुढे केलं. मी राखीची पहिली गाठ मारली तोच मागून बुटांचा आवाज आला. मेजर पाहणीला आला होता. दादा झटकन सरळ उभा राहिला. राखी अर्धीच बांधलेली, एक टोक लोंबतंय. मी ताट घेऊन खांबाआड झाले.

मेजरने पाण्याकडे पाहिलं आणि बोट दाखवलं.

मणिकर्णिकेच्या बाजूने एक लहान होडी येत होती. पुराच्या पाण्यात मल्लाहसुद्धा एकट्याने होडी घालत नाहीत. हिच्यात एकच माणूस, मागे उभा, एका वल्ह्याने तिला धरून ठेवलेला. पांढरे केस, निळा डगला. दुर्बीण मेजरच्या हातात होती, पण दादाला दुर्बिणीची गरज नव्हती. त्याचा हात सुतळीसाठी खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला, ते मी पाहिलं.

"हाक द्या," मेजर म्हणाला.

"हाक देतो," दादा म्हणाला. कर्णा तोंडाला लावून त्याने हिंदीत ओरडून सांगितलं, होडी किनाऱ्याला लावा. मग मराठीत, कर्णा बाजूला करून, "आबा, वळा! आबा!"

आबांनी मान वळवली नाही. वल्हं काखेत धरलं आणि दोन्ही हातांनी नारळ उचलला.

मेजर म्हणाला, "फायर."

तेवढं इंग्रजी मला येत होतं. जवानांनी बंदुका खांद्याला लावल्या आणि दादाकडे पाहिलं, कारण हुकूम त्याच्या तोंडून यायचा होता. दादा सरळ उभा. पाण्याचा आवाज घोंघावत होता. मी वाट बघत होते, आणि सगळं आयुष्य या माणसाला हुकूम परत म्हणताना ऐकलेली मी देवाला विनवत होते की याचं तोंड उघडू देऊ नकोस.

"लेफ्टनंट, फायर!"

तोंड मिटलेलंच.

मेजरने शेजारच्या जवानाची बंदूक हिसकावली आणि नेम धरला. तेव्हा दादा बोलला. "साहेब, ते माझे वडील आहेत. सरकारी आरमारात तीस वर्षं होते. नारळ सोडतायत, एवढंच."

मेजरने डोळा बंदुकीवरून काढला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आवाज झाला, आणि होडीच्या पुढे चार हातांवर पाणी उडालं. आबा वाकले, नारळ पाण्यात ठेवला, तो वाहत गेला तिकडे बघत हात जोडले. त्यानंतर त्यांनी ती होडी त्या प्रवाहातून आडवी कापत सरळ आमच्याकडे आणली, पहाऱ्याच्या पायरीलाच लावली, दोर कडीला बांधला आणि ओल्या पायांनी वर येऊन मेजरला सलाम केला.

"होडी मी काढली, साहेब," ते आपल्या जहाजी इंग्रजीत म्हणाले. "लेफ्टनंटला माहीत नव्हतं. पाण्याचा आवाज फार आहे. तुमचा हुकूम त्याला ऐकू गेला नसेल."

मेजरने दादाचं पिस्तूल काढून घेतलं. दोघांना छावणीत नेलं. जाताना लोंबणारं राखीचं टोक दादाने बाहीत खोचलं.

तीन दिवसांनी आबा सुटून आले. आल्या आल्या मला बोलावून त्यांनी एकच सांगितलं. "चौकशी होईल. तुला बोलावतील, तू तिथे होतीस. पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही म्हणून सांग. तेवढ्याने माधव वाचेल. नाहीतर कोर्ट मार्शल, आणि लढाईच्या दिवसांत त्याचा अर्थ काय होतो ते मी पाहिलंय."

"ऐकू आलं नाही म्हणून सांगते," मी म्हटलं. आबांनी मान हलवली.

छावणीतली ती खोली अजून आठवते. लांब टेबल, तीन साहेब, एका बाजूला दादा, पट्ट्याशिवाय. मी सांगितलं, "पाण्याचा आवाज फार होता. मला एक शब्दही ऐकू आला नाही." चांगलं सांगितलं मी. मधल्या म्हाताऱ्या साहेबाला ते पटलेलं दिसलं. त्याला पटवूनच घ्यायचं होतं, असंही असेल. दोन पदकांच्या म्हाताऱ्यावर पोराने गोळी झाडली नाही म्हणून पोराला शिक्षा झाली, हे त्या पेटलेल्या गावात बाहेर जायला त्यांनाही नकोच होतं. त्याने आधी गाठीबद्दल विचारलं. घाटावरची गाठ जशीच्या तशी होती आणि होडी मात्र गेली होती. मग ती सोडवली कुणी?

दादा म्हणाला, "ती सोडवून पुन्हा तशीच बांधणारा माझ्याशिवाय एकच माणूस आहे. तो माझ्या घरात राहतो. बाकीच्या होड्या वाहून जातील म्हणून त्यांनी ती परत बांधली असणार. हे मला आधी सुचायला हवं होतं. दोष माझा."

"ठीक. आणि मेजरसाहेबांचा हुकूम? इतक्या आवाजात तो तुम्हाला ऐकू आला नाही, बरोबर?"

त्याने फक्त नाही म्हणायचं होतं. दार उघडून धरलेलं होतं त्याच्यासाठी.

"ऐकू आला होता," माधवदादा म्हणाला. "दोन्ही वेळा."

मी तिथेच रडले. रागाने रडले. त्या क्षणी पुन्हा त्याला बुद्दू म्हणावं असं वाटलं, आणि लगेच वाटलं की आबांनी मला शिकवलेलं खोटं याच्यापुढे किती लहान दिसतंय.

कोर्ट मार्शल झालं नाही. प्रकरण दाबलं गेलं. त्याला ब्रह्मदेशाच्या सीमेवर, अगदी पुढच्या तुकडीत पाठवायचं ठरलं. तिथून फार कमी लोक परत येत होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तो आमच्या पायरीवर येऊन बसला. अण्णा आतून आले, पट्ट्यासकट त्याला देवघरात घेऊन गेले आणि डोक्यावर हात ठेवला. बाहेर आल्यावर त्याने बाही वर केली. "अर्धी राहिलीय," तो म्हणाला. राखी मळून काळी झाली होती. मी दुसरी गाठ मारली. तो बघत होता.

"ही कसली गाठ? सुटेल."

"सुटू दे. पुढच्या वर्षी नवी बांधीन."

तो हसला. मग म्हणाला, "तू खोटं चांगलं बोलतेस, कमळ. शाळेतल्या मुलींना मात्र शिकवू नकोस."

"तुला नाही म्हणायला काय झालं होतं?"

त्याने सुतळीला एक गाठ मारली. "छावणीत तो हुकूम मी परत म्हटला होता गं. म्हटलेला हुकूम मोडला, पहिल्यांदाच. आबांवर गोळी झाडली असती तर जगलो नसतो, तेही खरंच. पण आता कुठलाही हुकूम परत म्हणायची भीती वाटते. जे होईल याची खात्री नाही, ते तोंडातून कसं काढू?"

मी त्याला पेढा दिला. तो त्याने अर्धा मोडून आबांसाठी नेला.

त्याची दोन पत्रं आली. दुसऱ्यात तिथल्या नदीवर त्याने दोराचा पूल कसा बांधला, आणि त्यावरून जाताना त्याला कशी होडी लागल्यासारखं झालं, ते लिहिलं होतं. आबांनी ते मला चारदा वाचायला लावलं. पुढल्या श्रावणाच्या आतच तार आली. आबा त्यानंतर दोन वर्षं जगले. घंटा त्यांनी वाजवली नाही, पण पौर्णिमेला भगेलूची होडी घेऊन नारळ मात्र सोडला, दोन्ही वर्षं.

तारेबद्दल अधिक लिहीत नाही. माधवदादा म्हटला की मला तो छावणीच्या स्टेशनावरचाच दिसतो. गाड्या नुकत्या सुरू झाल्या होत्या. डबा जवानांनी भरलेला, तो खिडकीशी. मी दशम्यांची पुरचुंडी आत दिली. आबा निळा डगला घालून आले होते. पौर्णिमेपासून बापलेकांत कामापुरतंसुद्धा बोलणं झालं नव्हतं. अर्धा तास आबा गाडीच्या चाकांकडे बघत उभे होते. शिट्टी झाली, गाडीने हिसका दिला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"माधव, परत यायचं."

हुकमाचाच आवाज होता, जहाजावरचा. फलाटावरची माणसं वळून बघायला लागली.

माधवदादाने आबांकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. मी ते स्पष्ट पाहिलं, शब्द ओठांपर्यंत आला होता. मग तोंड मिटलं. त्याने सरळ होऊन सलाम केला. बाही सरकली आणि काळी पडलेली राखी दिसली. गाडी चालू लागली. आबा तिच्याबरोबर चालत राहिले, मग भरभर. "माधव! हुकूम दिलाय!" सलाम केलेला हात तसाच होता, डबा वळणाआड जाईपर्यंत.

फलाट रिकामा झाला. हमालसुद्धा निघून गेले. आबा रुळांकडे तोंड करून, कान त्या दिशेला लावून उभे.

"आबा, चला ना घरी," मी म्हटलं.

"थांब जरा, कमळ," आबा म्हणाले. "त्याने अजून परत म्हटलं नाही."